तक्ते वेगळे केले की सॉफ्टवेअर मंदावतं का?

दुकानदारांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारा सल्ला : ‘सगळा हिशेब एकाच मोठ्या तक्त्यात ठेवा, तक्ते वेगळे केले की सॉफ्टवेअर मंदावतं.’

हे खरं नाही. हा समज होणं मात्र साहजिक आहे, कारण एकच शीट डोळ्यांना सोपी दिसते.

निपाणीतल्या घाऊक दुकानाचं घ्या. एकच गिऱ्हाईक, पण दर बिलाला त्याचं नाव-पत्ता नव्यानं टाइप होतो. एकदा पत्ता निपाणी (कर्नाटक), एकदा कागल (महाराष्ट्र). माल कागलला, म्हणजे दुसऱ्या राज्यात पोचवायचा तर आयजीएसटी, निपाणीतच, म्हणजे राज्यातल्या राज्यात द्यायचा तर सीजीएसटी आणि एसजीएसटी. चुकीची ओळ उचलली की करही चुकला. म्हणून ग्राहकांचा तक्ता वेगळा, बिलांचा वेगळा, आणि बिलात फक्त ग्राहक क्रमांक. मोबाइल नंबरला ओळख-क्रमांक करू नका, तो बदलतो. विक्रीचा दर मात्र बिलाच्या ओळीतच राहू द्या. नाहीतर उद्या भाव वाढला की जुनी बिलंही बदललेली दिसतील.

आता वेगाचं. दोन तक्ते जोडणाऱ्या रकान्यावर, म्हणजे बिलांतल्या ग्राहक क्रमांकावर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधसूची) असेल, तर लाखभर ओळींतूनही एका गिऱ्हाइकाची बिलं क्षणात मिळतात. इंडेक्स नसेल, तर सगळ्या ओळी चाळाव्या लागतात. बहुतेकदा दोष तिथेच असतो.

पडताळा घरीच घ्या. एसक्यूलाइट (SQLite) हे तक्ते साठवणारं डेटाबेस सॉफ्टवेअर फुकट मिळतं. क्वेरीआधी, म्हणजे माहिती मागणाऱ्या आज्ञेआधी ‘एक्स्प्लेन क्वेरी प्लॅन’ (EXPLAIN QUERY PLAN) लिहा : बिलांच्या तक्त्यापुढे ‘स्कॅन’ (SCAN) आलं तर तो पूर्ण वाचला जातोय, ‘सर्च’ (SEARCH) आलं तर इंडेक्स वापरला जातोय.