लंगर संच (१:३५): खोकं उघडण्याआधी एवढं वाचा

आमच्या जोडायच्या छोट्या मॉडेलांच्या दुकानात शिरल्या शिरल्या बहुतेक जण रणगाडा मागतात. तो आमच्याकडे आहे, चांगला खपतोही. पण फौजेतला माणूस लढतो कधीमधी आणि जेवतो रोज. ते रोजचं मांडायला हा संच केला. यात एकही बंदूक रोखलेली नाही. एक लांगरी पीठ मळतोय, दुसरा तव्यापाशी उकिडवा बसलाय, दोघे थाळ्या घेऊन उभे आहेत आणि पाचवा चहासाठी डबा पेटवतोय. लंगर म्हणजे फौजेचं स्वयंपाकघर आणि लांगरी म्हणजे तिथला आचारी. घरात कुणी फौजी असेल तर हे सांगायला नको.

देखावा दुसऱ्या महायुद्धातला, १९४४ च्या उन्हाळ्यातला, इटलीतल्या टायबर नदीच्या खोऱ्यातला. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला याच खोऱ्यात धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमचा संच तिथल्याच एका चुलीचा आहे.

रसद घरातूनच काढा

१:३५ म्हणजे खऱ्या वस्तूचा पस्तिसावा भाग. पावणेसहा फुटी शिपाई पाच सेंटिमीटरचा होतो. शिपाई, डेगच्या, तवा, पोती आम्ही दिली आहेत. भाजी-भाकरी मात्र मुद्दाम दिलेली नाही, कारण ती तुमच्या स्वयंपाकघरात आमच्यापेक्षा चांगली मिळते.

ऑफिसातल्या पंचिंग मशीनमधून कागदाची जी टिकली पडते ती साधारण सहा मिलिमीटरची. पस्तीसने गुणा: २१ सेंटिमीटर. झाली रोटी! खाकी पाकिटाचा कागद घ्या, सुईच्या टोकाने दोन-चार करपट ठिपके द्या, आणि दहा-बारा टिकल्या थोड्या वाकड्यातिकड्या रचा. सरळ रचल्या तर नाण्यांची चवड वाटते. मोहरीचा दाणा दीड-दोन मिलिमीटरचा, म्हणजे कांदा किंवा बटाटा. तांबूस रंगवला की कांदा, मातकट रंगवला की बटाटा. लिंबाला खसखस चालते. सगळ्यावर वॉर्निशचा एक हात मारा, नाहीतर मुंग्या रसद पळवतात.

डेगची रंगवताना

इथे आम्ही स्वतः आपटलो आहोत. पहिल्या खेपेला डेगच्या बाहेरून सरसकट काळ्या रंगवून काचेत मांडल्या होत्या. फौजेतून लांगरी म्हणून निवृत्त झालेले एक काका बघायला आले. बराच वेळ वाकून बघत राहिले, मग म्हणाले, "भो, तुमचा लांगरी लई आळशी दिसतोय." भांडं चुलीवर चढवण्याआधी बुडाला ओली माती लिंपायची, म्हणजे घासताना काजळी मातीसकट निघून येते, हे आमच्या आज्या करायच्या आणि आम्ही विसरलो होतो.

म्हणून आता असं करा. खालचा तिसरा हिस्सा भाजलेल्या मातीचा, भेगाळलेला, मधूनमधून काळवंडलेला. त्याच्या वर भांड्याचा मळकट चंदेरी रंग. काजळीच्या जिभा फक्त चुलीच्या तोंडाकडच्या बाजूला, कारण जाळ तिथून बाहेर येतो. काठावरून उतू गेलेल्या वरणाचा एक वाळका पिवळट ओघळ. एकच, दोन नकोत. याच भांड्याला इंग्रज सोल्जर 'डिक्सी' म्हणायचे. तो शब्द आपल्याच देगचीवरून तिकडे गेला.

चुलीतली लाकडंही अख्खी काळी करू नका. हिवाळ्यात शेतात भरिताची पार्टी झाली की पऱ्हाट्यांचा जाळ विझल्यावर बघा: काडीचं आतलं टोक राखेने पांढुरकं, त्यामागे बोटभर कोळसा आणि बाहेरचं टोक कोरंच्या कोरं. आम्ही लाकडांसाठी तुरीच्या वाळलेल्या मुळ्या वापरतो. त्या आपोआप वेड्यावाकड्या असतात, मेहनत वाचते.

धूर दाखवू नका. कापूस आपल्याकडे पिकतो म्हणून तो धुराला लावायचाच असं नाही. चुलीवर कापूस ठेवला की तो चुलीवर ठेवलेला कापूसच दिसतो.

चहाचा डबा

आपल्या पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यासारखा जो चौकोनी डबा आहे, तो ब्रिटिश फौजेचा पेट्रोलचा, चार गॅलनचा, म्हणजे सुमारे १८ लिटरचा. पत्रा इतका पातळ की पेट्रोल वाटेतच गळायचं. रिकामा झाला की कापून अर्धा करायचा, आत वाळू भरायची, वाळूवर पेट्रोल ओतून पेटवायचं आणि वर चहाचं पाणी ठेवायचं. ही युक्ती उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात रुळली आणि फौजेबरोबर इटलीत आली. तोवर जर्मन धाटणीचे २० लिटरचे मजबूत डबे, म्हणजे जेरीकॅन, सगळीकडे झाले होते, म्हणून संचात जेरीकॅन चार आणि चौकोनी डबा एकच आहे. जेरीकॅनच्या डोक्यावर तीन मुठी असतात. प्लास्टिकच्या चौकटीतून कापताना मधली हमखास तुटते, तेव्हा पक्कड नको, धारदार कटर घ्या.

डिंक, ऊन आणि माती

शिपाई रेझिनचे आहेत, बाकी सामान प्लास्टिकचं. प्लास्टिकचा पातळ सिमेंट-डिंक प्लास्टिक विरघळवून जोडतो. रेझिनवर त्याचा काही उपयोग नाही. शिपायांना फेव्हिक्विकसारखा डिंक लावा. रेझिन घासायचं ते पाण्याखाली आणि तोंडाला मास्क लावून. मुलं करत असतील तर मोठ्यांनी शेजारी बसावं.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. ॲक्रिलिक रंग ब्रशवरच सुकतो, तेव्हा पहाटे नाहीतर रात्री रंगवा, पंखा बंद ठेवून. संच उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. पळी किंवा पोळपाट वाकलाच तर कढत पाण्यात धरा, बोटांनी सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा.

जमिनीसाठी फिकट मातीचं पाकीट दिलं आहे. बरेच ग्राहक हौसेने आपल्या वावरातली काळी माती वापरतात. दिसते छान, पण मग ते इटली राहत नाही, आपलं जळगाव जिल्ह्यातलं यावल होतं. ती माती चहाच्या गाळणीने चाळून डब्यात भरून ठेवा. आमचा पुढचा संच १८०३ चा आहे, मराठे आणि इंग्रज यांच्यातल्या असईच्या लढाईच्या साली इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेला बैलांवरून धान्य पुरवणाऱ्या बंजाऱ्यांचा. अजिंठ्याचा घाट चढला की पलीकडेच तो मुलूख; तिथे हीच माती लागेल.

एखादा भाग कमी निघाला तर खोक्याच्या झाकणाच्या आत छापलेला क्रमांक कळवा, भाग फुकट पाठवू. तुमच्या हातून हरवला असेल तरी पाठवू, फक्त तसं खरं सांगा, म्हणजे पॅकिंग करणाऱ्या पोरांना उगाच बोलणी बसणार नाहीत.