प्रशिक्षकाला नारळ आणि फांदीवरचा कावळा

११ ऑक्टोबर २०२५. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, एक लाख सहा हजारांहून जास्त प्रेक्षक मावणाऱ्या बीव्हर स्टेडियमवर पेन स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाकडून २१-२२ असा हरला. अवघ्या एका गुणाने. दुसऱ्याच दिवशी मुख्य प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांच्या हातात नारळ पडला. त्यांचं हे पेन स्टेटमधलं बारावं वर्ष. १०४ विजय, ४५ पराभव. नऊच महिन्यांपूर्वी त्यांनी संघाला राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत नेलं होतं. मुदतीआधी करार मोडल्याबद्दल त्यांना देणं निघत होतं सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलर, म्हणजे चारशे कोटी रुपयांच्याही वर.

(हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात धरून पळायचा तो. पायाचा संबंध तसा बेताचाच.)

हंगामाआधीच्या क्रमवारीत पेन स्टेट देशात दुसरा होता. मग ओरेगॉनविरुद्ध दोनदा जादा वेळ खेळून तो हरला. पुढच्या आठवड्यात तोवर एकही सामना न जिंकलेल्या यूसीएलएकडून (लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ) हरला आणि त्यानंतर नॉर्थवेस्टर्नकडून. लागोपाठ तीन. पहिल्या दहांतल्या संघांसमोर फ्रँकलिन कच खातात ही कुरकुर जुनीच होती. तिलाही आधार होता, कारण अशा सामन्यांत त्यांचे विजय ४ आणि पराभव २१.

यूसीएलएची गोष्ट मात्र थांबून ऐकण्यासारखी आहे. पहिले तीन सामने हरल्यावर सप्टेंबरातच त्यांनी आपल्या प्रशिक्षकाला घरी पाठवलं होतं. तात्पुरत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली ते आणखी एक सामना हरले, मग पेन स्टेटला हरवलं आणि लागोपाठ तीन सामने जिंकले. बघा, माणूस बदलला की संघ बदलतो! पुढचे पाचही सामने ते हरले. हंगाम संपला तेव्हा ३ विजय आणि ९ पराभव.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, तेव्हा दोष कावळ्याच्या माथी जातो. इथे उलट झालं. फांदी पुन्हा सरळ झाली आणि श्रेय नव्या कावळ्याला मिळालं. कारण प्रशिक्षकाला काढण्याची वेळ कुणी चिठ्ठ्या टाकून ठरवत नाही. संघ त्याच्या नेहमीच्या पातळीच्या पार खाली गेला, की त्या तळाशीच हकालपट्टी होते. त्या घसरणीत थोडा दोष खेळाचा असतो, थोडा दुखापतींचा, थोडा नशिबाचा. दुर्दैव कायम पुरत नाही. काहीही केलं नाही तरी पुढचे सामने जरा बरे जाण्याचीच शक्यता जास्त. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञाला हे इस्रायली हवाई दलात दिसलं होतं. तिथले शिक्षक छातीठोकपणे सांगायचे, की खराब उड्डाणानंतर रागावलं की वैमानिक सुधारतो आणि शाबासकी दिली की बिघडतो. प्रत्यक्षात फार वाईट उड्डाणानंतरचं उड्डाण तसंही बरंच होणार होतं. औषध घेतलं तर सर्दी सात दिवसांत जाते, नाही तर आठवडा लागतो, त्यातलाच प्रकार.

मग सुधारणा नव्या माणसामुळे झाली की आपोआप, हे ओळखायचं कसं? तितकाच घसरलेला, पण प्रशिक्षक न बदललेला संघ शोधायचा आणि दोघांना शेजारी ठेवायचं. बास तेर वील या अर्थतज्ज्ञाने १९८६ ते २००४ या काळातल्या डच फुटबॉलवर (हा मात्र पायाचा) नेमकं हेच केलं. हकालपट्टीनंतर संघ सावरत होते, पण ज्यांनी धीर धरला तेही तसेच सावरत होते.

अमेरिकी विद्यापीठांच्या फुटबॉलचा असाच हिशेब राज्यशास्त्राच्या तीन प्राध्यापकांनी २०१३ मध्ये मांडला. काळ १९९७ ते २०१० चा. अगदी तळाच्या संघांना नव्या प्रशिक्षकाने फारसा फरक पडला नव्हता. मधल्या फळीतल्या ज्या संघांनी प्रशिक्षक बदलला, ते तर न बदलणाऱ्या तशाच संघांपेक्षा पुढची काही वर्षं मागे पडले. फ्रँकलिन मधल्या फळीच्याही वरचे. जो माणूस दहांतले सात सामने जिंकतो, त्याच्या जागी येणारा त्याहून चांगला निघण्याची शक्यता आणखीच कमी, असं मला वाटतं. वरच्या पायरीवरून उडी मारायला वर जागाच थोडी उरते.

आता एक गंमत करू. १४९ पैकी १०४ म्हणजे जवळपास ७० टक्के. दर वेळी जिंकण्याची शक्यता ७० टक्के असलेलं एक नाणं घ्या आणि हंगामाच्या १२ सामन्यांसाठी ते १२ वेळा उडवा. कुठे तरी लागोपाठ तीन पराभव येण्याची शक्यता किती? साधारण १९ टक्के. असे बारा हंगाम काढले, तर त्यांत निदान एकदा तरी ही तिहेरी आपटी पाहण्याची शक्यता ९२ टक्के निघते. नाण्याचं काहीही बिघडलेलं नसताना!

पेन स्टेटचा संघ म्हणजे नाणं नव्हे, हे कबूल. सगळे प्रतिस्पर्धी सारखे नसतात. यूसीएलए आणि नॉर्थवेस्टर्न हे दोन्ही सामने पेन स्टेट वीसपेक्षा जास्त गुणांनी सहज जिंकेल असं मानलं जात होतं. तेव्हा सगळं खापर नशिबावर फोडणंही खरं नाही. पण एका हंगामात बाराच सामने होतात, त्यातल्या सहांवरून माणसाची पारख करायची म्हणजे दोन शितांवरून लग्नाच्या पंगतीचा भात चाखण्यासारखं आहे. त्यात नॉर्थवेस्टर्नविरुद्धच मुख्य क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाची चढाई चालवणारा खेळाडू) ड्रू अॅलर जखमी होऊन हंगामाबाहेर गेला. पुढे तात्पुरते प्रशिक्षक टेरी स्मिथ पहिले तीन सामने हरले, त्यातला एक एका गुणाने, एक तीन गुणांनी. नंतर तीन जिंकले. त्यांना सुरुवातीला ओहायो स्टेट आणि इंडियाना भेटले होते, शेवटी रटगर्स. सामन्यांचा क्रम उलटा असता, तर ‘नव्या दमाचा चमत्कार’ असे मथळे वाचायला मिळाले असते.

हंगामाच्या मध्यावर काढण्याच्या बाजूने एकच वजनदार मुद्दा मांडला जातो, की नव्या माणसाचा शोध लवकर सुरू करता येतो. पण ज्याला आणायचंय तो दुसरीकडे आपल्या संघासोबत मैदानावर असतो, नोव्हेंबर संपेपर्यंत त्याला हलता येत नाही. त्याच ऑक्टोबरात फ्लोरिडा विद्यापीठाने आणि ३४ विजय, १४ पराभव अशी कामगिरी असलेल्या ब्रायन केली यांना काढून लुइझियाना स्टेट विद्यापीठानेही प्रशिक्षकाची जागा रिकामी केली. एकाच बाजारात सगळे एकाच मालाला गिऱ्हाईक. पेन स्टेटला नवा प्रशिक्षक, मॅट कॅम्पबेल, मिळाला ५ डिसेंबरला. चौपन्न दिवसांनी.

शाळकरी खेळाडूंनी विद्यापीठाशी करार करायचा दिवस होता ३ डिसेंबर. ही मुलं वर्षानुवर्षांच्या गाठीभेटींतून, आईवडिलांच्या स्वयंपाकघरात बसून जोडलेली असतात. त्यांनी शब्द दिलेला असतो तो विद्यापीठाच्या बोधचिन्हाला नव्हे, त्या घरी आलेल्या माणसाला. तो माणूस, म्हणजे फ्रँकलिन, १७ नोव्हेंबरलाच व्हर्जिनिया टेकचा प्रशिक्षक झाला आणि बरीच मुलं त्याच्यामागे तिकडे गेली. करार करायच्या दिवशी पेन स्टेटच्या पदरात पडले दोन खेळाडू. शिवाय प्रशिक्षक बदलला की आहेत त्या खेळाडूंनाही संघ सोडण्याची खास मुदत नियमानेच मिळते. एक बरं झालं, फ्रँकलिन यांना लगेच नोकरी मिळाल्याने देण्याची रक्कम तडजोडीने ९० लाख डॉलरवर आली. त्यात शहाणपणापेक्षा सुदैवाचा वाटा मोठा.

हे सगळं माहीत असूनही माणसं थांबत का नाहीत? पेनल्टी अडवणाऱ्या गोलरक्षकांकडे पाहा. २८६ पेनल्टींच्या एका अभ्यासात गोलरक्षक सुमारे ९४ टक्के वेळा डावीकडे किंवा उजवीकडे झेपावले होते. मधेच उभं राहणं जास्त फायद्याचं ठरलं असतं. पण उभं राहून गोल खाल्ला तर लोक म्हणतात, हा नुसता बघत बसला. झेपावून खाल्ला तर निदान प्रयत्न दिसतो. प्रशिक्षकाला ठेवायचं की काढायचं हे ठरवणारा, चिडलेल्या देणगीदारांसमोर बसलेला विद्यापीठाचा क्रीडा संचालकही गोलरक्षकच असतो.

नेब्रास्का विद्यापीठाने २०२२ मध्ये स्कॉट फ्रॉस्ट यांना काढलं. ते काही यशस्वी प्रशिक्षक नव्हते, जाणारच होते. १ ऑक्टोबरनंतर काढलं असतं तर ७५ लाख डॉलर द्यावे लागले असते, त्याआधी काढलं तर दीड कोटी. हे करारातच लिहिलेलं होतं. काढलं ११ सप्टेंबरला.