‘भय’, ‘सुभक्ती’ आणि रोजचे आचरण : मराठी ख्रिस्ती परंपरेची पार्श्वभूमी

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चच्या सभासदांमध्ये, एखाद्याविषयी ‘त्याची साक्ष चांगली नाही’ असे म्हटले जाते, तेव्हा त्याने प्रार्थनासभेत उभे राहून काय सांगितले याविषयी ती तक्रार नसते. तो माप पुरे घालतो का, घरात कसा बोलतो, उसने घेतलेले परत करतो का, याविषयी ती असते. देवाविषयीचा विस्मय उपासनेपुरता आणि नीती व्यवहारापुरती, अशी वाटणी या बोलण्यात नाही. तरीही ही वाटणी मराठी मंडळ्यांत वेळोवेळी होत आली आहे, आणि तिच्या मुळाशी भाषांतराचा एक जुना गुंता आहे.

गोव्यातला आरंभ थोडक्यात सांगता येतो. १५७९ साली तेथे आलेल्या एका इंग्रज जेझुइट धर्मगुरूने रचलेले सुमारे ११ हजार ओव्यांचे पुराण १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे, आणि देवाच्या थोरवीपुढे थक्क होण्यासाठी ओवीचा छंद कवीला परका वाटलेला नाही. पुढे १६८४ साली स्थानिक भाषेविरुद्ध सरकारी फर्मान निघाले आणि १७३६ साली धर्मन्यायालयाने (इन्क्विझिशनने) अंगणातल्या तुळशीपासून मीठ न घालता शिजवलेल्या भातापर्यंत अनेक गोष्टींना मनाई केली. ‘ख्रिस्ती आचरण’ म्हणजे काय टाळावे याची यादी, असा अर्थ तेथे रूढ झाला. विस्मयाला त्या यादीत अर्थातच जागा नव्हती.

अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ पासून अहमदनगरला त्यांचे काम सुरू झाले. नव्या कराराचे त्यांचे मराठी भाषांतर १८२६ साली आणि संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, १८४७ साली मुंबईत छापून झाले. येथूनच शब्दांचा प्रश्न उभा राहतो.

‘परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा प्रारंभ होय’ हे बायबलमधील नीतिसूत्रांतले वचन मराठी ख्रिस्ती घरांत लहान मुलांनाही पाठ असते. मूळ हिब्रू शब्द ‘यिरा’ असा आहे. शत्रूला पाहून वाटणारी भीती आणि स्वप्नात देवाचे दर्शन घडून बेथेल या जागी जागा झालेल्या याकोबाला वाटलेला थरार, या दोन्हींसाठी एकाच धातूपासून आलेले शब्द वापरले जातात. स्तोत्र १३९ मध्ये माणसाची घडण ‘भयप्रद व अद्भुत रीतीने’ झाली असे मराठीत वाचायला मिळते, तेव्हा हे दोन अर्थ किती जवळ आहेत ते दिसते. हा गुंता मराठीने निर्माण केलेला नाही. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात ‘परमेश्वराचे भय’ लागोपाठच्या दोन वचनांत येते. ख्रिस्तपूर्व काळातील ग्रीक भाषांतरकारांनी एका वचनात त्यासाठी ‘युसेबेया’ (भक्तिभाव) आणि पुढच्या वचनात ‘फोबोस’ (भय) असा शब्द घातला. लॅटिन भाषांतराने तीच वाट धरली, आणि या वचनांवरून मोजली जाणारी पवित्र आत्म्याची दाने कॅथलिक परंपरेत सात झाली, ज्यांत भक्ती वेगळी आणि भय वेगळे मोजले जाते. हिब्रूवरून भाषांतर केलेल्या प्रॉटेस्टंट बायबलमध्ये त्या ठिकाणी भयच दोनदा आहे.

‘युसेबेया’ या ग्रीक शब्दाला नव्या करारात मराठीने ‘सुभक्ती’ हा प्रतिशब्द दिला. ग्रीक शब्दातील ‘यु’ म्हणजे चांगले, म्हणून ‘सु’. पण मराठी कानाला त्यात ‘इतरांची ती नुसती भक्ती आणि आमची ती सुभक्ती’ असा सूर ऐकू येतो, आणि त्याबद्दल नाराजी असणे स्वाभाविक आहे. तरीही शब्द टाकाऊ नाही, कारण ग्रीक शब्दात देवासमोरचा आदरयुक्त थरार आणि त्यातून येणारी वागणूक ही एकच गोष्ट आहे आणि ‘सुभक्ती’तही ती तुटत नाही. याहून सुंदर निवड नव्या करारातल्याच पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’ उत्तर द्या, असे रूढ भाषांतर सांगते, आणि तेथे मूळ शब्द ‘फोबोस’ हाच आहे. भीड ही भिकेची बहीण, असे म्हणून मराठीने भिडेला बदनाम केले असले, तरी जो समोर नाही त्याच्याही भिडेने माणूस खोटे माप घालत नाही, हा अनुभव त्या शब्दात जितका बसतो तितका ‘भया’त बसत नाही.

व्यासपीठावरून मात्र ‘भय’च गाजले, आणि तेही नरकाचे. त्याला उतारा नगरकडच्या कीर्तनांनी आणि गायनांनी दिला. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला एक ब्राह्मण कवी तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत असे, आणि त्याच्या भजनांत देवापुढे उभा असलेला माणूस घाबरलेला नसून हरखलेला आहे. त्याच्या पत्नीचा बाप्तिस्मा पाच वर्षांनी झाला. सोवळेओवळे आणि जातीचा विटाळ बाप्तिस्म्याच्या आधीच मनातून गेल्याचे तिने आठवणींत लिहिले आहे. श्रद्धा आधी आणि आचरण मागून, हा उपदेशकांचा आवडता क्रम या घरात उलटा झाला होता. १९१७ साली त्या कवीने मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचा ‘दरबार’ मांडला. त्यावर वाद झाला, आणि १९१९ साली त्याचा मृत्यू झाल्यामुळे प्रयोग अपुरा राहिला. पण सभासदत्वाची नोंदवही आणि जगण्याची रीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने उघडपणे मांडले.

पुणे जिल्ह्यातील केडगावच्या आश्रमात याच सुमारास दुसऱ्या टोकाने काम चालले होते. दुष्काळातून आणलेल्या मुली व विधवा तेथे शेती, विणकाम आणि छपाई शिकत होत्या, आणि आश्रमाच्या संस्थापिका हिब्रू व ग्रीकवरून स्वतः बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. संस्कृतप्रचुर शब्द टाळून ते अल्पशिक्षित बाईला कळेल असे व्हावे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांचे निधन १९२२ साली झाले, आणि ते पुस्तक आश्रमातल्याच छापखान्यात आश्रमातल्या स्त्रियांच्या हातून छापले गेले.

१९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक उपासना लॅटिनमधून मराठीत आली, आणि पुढच्या दशकांत सोप्या मराठीतील भाषांतरेही आली. त्यांतल्या काहींनी ‘भया’च्या जागी ‘आदर’ घातला. हेतू समजण्यासारखा आहे, परंतु आदर आपण साहेबांचाही करतो. बेथेलच्या दगडावर डोके ठेवून झोपलेला याकोब दचकून उठला तो आदराने नव्हे.

वसईत १९८०च्या दशकाच्या अखेरीस एका धर्मगुरूच्या पुढाकाराने हिरवा पट्टा वाचवण्याची चळवळ उभी राहिली आणि विहिरींचे पाणी, वाड्या व अनिर्बंध बांधकाम हे विषय चर्चच्या अंगणात आले. रोमहून २०१५ साली निघालेल्या पोपच्या परिपत्रकात सृष्टीकडे विस्मयाने न पाहणारा माणूस तिचा मालक आणि ग्राहक होऊन बसतो, असा विचार मांडला गेला, तेव्हा वसईच्या वाडीवाल्यांना त्यात नवे फारसे काही नव्हते.