'श्रद्धा ठेवणे' : बोललेल्या शब्दाची पार्श्वभूमी

मराठीत राग येतो, रडू फुटतं, भीती वाटते. या वाक्यांत माणूस 'मला' असतो, 'मी' नसतो; भावना कुठून तरी येते आणि त्याला गाठते. श्रद्धा मात्र आपण ठेवतो. कधी ती आपोआप बसतेही, पण ठेवता येते आणि ठेवणारा 'मी' असतो. 'वाटणे' तर दोन्ही घरचा पाहुणा: 'मला वाईट वाटतं' ही भावना, 'मला वाटतं तो येईल' हे मत. तोंडातून निघालेला शब्द आत आहे तेवढंच बाहेर आणतो, की आत नाही तेही तयार करतो, हा वाद जुना आहे. त्यात उतरण्याआधी ही क्रियापदं हाताशी असलेली बरी.

श्रद्धेतलं 'ठेवणं' मराठीने नव्याने जोडलेलं नाही. ते शब्दाच्या पोटातच आहे. श्रत् आणि धा मिळून श्रद्धा. धा म्हणजे ठेवणे, इथवर सगळ्यांचं एकमत आहे. भांडण आहे ते श्रत् वर. निघण्टु या प्राचीन वैदिक शब्दसंग्रहात सत्याची सहा नावं दिली आहेत: बट्, श्रत्, सत्रा, अद्धा, इत्था, ऋतम्. त्या हिशेबाने श्रद्धा म्हणजे एखादी गोष्ट सत्य म्हणून धरणे. भारतीय परंपरा बहुतेक याच अर्थाने चालत आली. मग तुलनात्मक भाषाशास्त्र आलं आणि लॅटिनमधला 'क्रेदो', म्हणजे 'मी विश्वास ठेवतो', हा शब्द श्रद्धेचा सख्खा भाऊ ठरला. हे नातं आज जवळपास सगळे मान्य करतात. पण त्यापाठोपाठ दुसरा दावाही आला: 'क्रे' आणि 'श्रत्' यांच्या मुळाशी हृदय आहे, लॅटिन 'कोर्' आणि ग्रीक 'कार्दिया' मधलं. म्हणजे श्रद्धा ठेवणे हे मूळचं काळीज ठेवणे.

अर्थ इतका गोड की तो खरा असावा असं वाटावं. अडचण अशी की संस्कृतात हृदयाला हृद् हा शब्द आधीपासून आहे आणि तो ह ने सुरू होतो. लॅटिन क समोर संस्कृतात श येतो, जसं 'केन्तुम्' समोर 'शतम्'. त्या नियमाने लॅटिन 'कोर्' समोर संस्कृतात श यायला हवा होता. तेव्हा एक तर हृद् हाच नियम मोडून बसलेला शब्द आहे, किंवा श्रत् चा हृदयाशी संबंध नाही. पहिला पर्याय मानणारे अधिक आहेत. माझं मत विचाराल तर या भांडणात शब्दाच्या पहिल्या अर्ध्याला, श्रत् ला, गरजेपेक्षा जास्त भाव मिळाला आणि 'धा' दुर्लक्षित राहिला. ठेवलं काय, सत्य की काळीज, हे अनिश्चित आहे. ठेवलं, हे निश्चित आहे.

ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातल्या बाराव्या सूक्तात एक ऋचा आहे. लोक इंद्राबद्दल विचारतात, 'कुठे आहे तो?', आणि काही जण तर 'तो नाहीच' असं म्हणतात. त्याच ऋचेच्या शेवटी उत्तर येतं: 'श्रदस्मै धत्त स जनास इन्द्रः', त्याच्या ठायी श्रत् ठेवा, लोकहो, तोच इंद्र. इथे श्रत् आणि धा अजून एकमेकांना चिकटलेलेही नाहीत, मध्ये 'अस्मै' बसलेलं आहे. आणि 'स जनास इन्द्रः' हे पालुपद त्या सूक्तात जवळजवळ प्रत्येक ऋचेअखेर येतं. शंकेला पुरावा दिलेला नाही, पुनरुक्ती दिली आहे. दहाव्या मंडलातलं श्रद्धासूक्त आणखी पुढे जातं: सकाळी, माध्यान्ही आणि सूर्यास्ताला आम्ही श्रद्धेला हाक मारतो, असं म्हणून ते श्रद्धेलाच विनवतं, 'श्रद्धे श्रद्धापयेह नः', आम्हाला इथे श्रद्धावान कर. म्हणजे आधी बोलणं, मग श्रद्धा.

नामजपाची परंपरा आणि प्रार्थना कोणत्या भाषेत म्हणावी हा झगडा वाचकांना ठाऊक आहे. ते सोडून थेट विसाव्या शतकात येऊ, कारण तिथे हा प्रश्न मोजायला घेतला गेला.

१९२० च्या दशकात एका फ्रेंच औषधविक्रेत्याचा उपाय युरोप-अमेरिकेत गाजला. 'दिवसेंदिवस मी सर्व बाजूंनी अधिकाधिक बरा होतो आहे' अशा अर्थाचं वाक्य सकाळ-संध्याकाळ वीस वेळा म्हणायचं, मोजायला वीस गाठींची दोरी. ओठ हलले पाहिजेत, आपलं आपल्याला ऐकू आलं पाहिजे, पण इच्छाशक्ती मुळीच लावायची नाही. जपमाळच ही, फक्त मण्यांच्या जागी गाठी आणि देवाच्या जागी स्वतः.

साधारण त्याच सुमारास अमेरिकेतल्या एका विमा कंपनीत आगींची कारणं तपासणारा एक अधिकारी फावल्या वेळात भाषांचा अभ्यास करत होता. त्याने टिपलेलं एक उदाहरण पुढे फार फिरलं: भरलेल्या पेट्रोलच्या पिंपांजवळ माणसं जपून वागतात आणि 'रिकाम्या' पिंपांजवळ बिनधास्त सिगारेट ओढतात. वास्तविक रिकाम्या पिंपात वाफ साचलेली असते आणि ती जास्त घातक. दोष 'रिकामं' या शब्दाचा, असं त्याचं म्हणणं. वाफेची माहितीच नसेल तर शब्द बदलून काय होणार, हा आक्षेप मला रास्त वाटतो. १९५५ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात झालेल्या आणि १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या व्याख्यानांनी दिलेली कल्पना त्यापेक्षा टिकाऊ निघाली: 'मी वचन देतो' हे वाक्य कशाचं वर्णन करत नाही, ते म्हणणं हेच वचन देणं.

मग १९५९ चा प्रयोग. विद्यार्थ्यांना अर्धा तास ताटलीत बारा रिळं भरायला, ओतायला आणि पुन्हा भरायला लावली. पुढचा अर्धा तास फळीवरच्या अठ्ठेचाळीस खुंट्या पाव-पाव वळणाने फिरवायला. कंटाळ्याने जीव जावा असं काम. त्यानंतर बाहेर थांबलेल्या पुढच्या व्यक्तीला 'काम मजेदार आहे' असं सांगायचं. त्यासाठी काहींना १ डॉलर, काहींना २०. शेवटी उणे पाच ते अधिक पाच या मापावर काम किती आवडलं ते विचारलं. काहीच न सांगणाऱ्यांची सरासरी उणे ०.४५, वीस डॉलरवाल्यांची उणे ०.०५, एक डॉलरवाल्यांची अधिक १.३५. वीस डॉलर घेणाऱ्याला आपण का खोटं बोललो हे ठाऊक होतं. एक डॉलरवाल्याकडे सबब नव्हती, म्हणून त्याने मतच बदललं, असा निष्कर्ष निघाला: आपल्या मर्जीने बोललेलं आत उतरतं.

हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत साठेक वर्षं नांदला. २०२४ मध्ये ३९ प्रयोगशाळांनी मिळून याच घराण्यातल्या एका प्रयोगाची पडताळणी प्रसिद्ध केली; त्यात स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहायचा होता. लिहिणाऱ्यांची मतं सरकली, पण मर्जीने लिहिलं की सांगितलं म्हणून, याने पडायला हवा होता तो फरक दिसला नाही. मर्जीचा सिद्धान्त डळमळला. नुसत्या मांडण्याने मत हलतं, ही जुनी समजूत मात्र उभीच राहिली.

सगळंच बोलणं पचतं असं नाही. २००९ च्या एका अभ्यासात लोकांना चार मिनिटं, दर पंधरा सेकंदांनी घंटी वाजली की, 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं मनात म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं, त्यांना उलट जास्त वाईट वाटलं. नंतरच्या एका पडताळणीत हा तोटा आढळला नाही, तेव्हा त्यावर फार भिस्त नको. त्यामानाने शांत पण पक्कं काम भावनेला नाव देण्यावर झालं. २००७ मध्ये मेंदूच्या चित्रणातून दिसलं की समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला 'राग', 'भीती' असा शब्द दिला की अमिग्डाला या मेंदूच्या भावनेशी निगडित भागाची हालचाल मंदावते. 'मला भीती वाटते' असं म्हणून टाकल्यावर हलकं वाटण्याचा अनुभव बहुतेकांना असेलच. भाषा कोणती, यानेही फरक पडतो: लहानपणी खाल्लेल्या बोलण्यांसारखी वाक्यं मातृभाषेत ऐकली की कातडीची विद्युत-प्रतिक्रिया दुसऱ्या भाषेतल्यापेक्षा जास्त उसळते, हे २००३ मध्ये तुर्की-इंग्रजी बोलणाऱ्यांवर मोजलं गेलं.

आणि 'क्रेदो'? ख्रिस्ती धर्मपरिषदेने ३२५ मध्ये संमत केलेल्या ग्रीक विश्वासनाम्याची सुरुवात 'आम्ही विश्वास ठेवतो' अशी होती. उपासनेत म्हणताना ते एकवचनी झालं, आणि लॅटिनमध्ये 'क्रेदो' रूढ झालं. कॅथलिक उपासनेच्या इंग्रजी भाषांतराने १९७० च्या दशकात पुन्हा 'आम्ही' आणलं, आणि २०११ च्या नव्या भाषांतराने ते काढून 'मी' बसवला. समूहाने बोलायचं की प्रत्येकाने स्वतःच्या नावावर, हा त्यातला प्रश्न. इंग्रजीला दोनच सर्वनामांत निवड करायची होती. मराठीत तिसरंही आहे. 'आम्ही श्रद्धा ठेवतो' म्हणताना ऐकणारा बाहेर उभा असतो. 'आपण श्रद्धा ठेवतो' म्हटलं की त्याला न विचारताच आत ओढलेलं असतं.