थेंबभर रक्त आणि स्तनाचा कर्करोग: हिशेब कुठे अडतो?

‘थेंबभर रक्तात कर्करोग ओळखा’ या मथळ्यातली खोट त्या थेंबातच आहे. पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात; रक्तात असा मोकळा डीएनए असतो, हे 1948 पासून माहीत आहे. गाठीतल्या पेशीही मरतात, म्हणून त्यांचेही तुकडे येतात. इथवर सगळे खरे. पण येतात किती?

10 मिलीलिटर रक्तातून साधारण 4 मिलीलिटर प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरणारा द्रव, मिळतो. मिलीलिटरला 5 नॅनोग्रॅम मोकळा डीएनए धरला, तर हाती येतात 20 नॅनोग्रॅम. जनुकसंचाच्या एका प्रतीचे वजन सुमारे 3.3 पिकोग्रॅम (1,000 पिकोग्रॅम म्हणजे 1 नॅनोग्रॅम), म्हणजे नळीत डीएनएमधल्या कोणत्याही एका जागेच्या जेमतेम 6,000 प्रती. सुरुवातीच्या गाठीचा वाटा त्यात 0.01 टक्का, कधी त्याहूनही कमी. गुणाकार करा: 0.6 प्रत! एकाच उत्परिवर्तनावर (डीएनएच्या अक्षरांतल्या बदलावर) डोळा ठेवला, तर अशा 100 पैकी सुमारे 55 नळ्यांत तो तुकडा मुळात नसतोच. जे नळीत आलेच नाही, ते कितीही महागडे यंत्र कुठून वाचणार?

म्हणून एका जागेऐवजी हजारो जागा तपासतात. त्यासाठी मेथिलेशन सोयीचे. डीएनएच्या ‘सी’ अक्षरांवर बसलेल्या मिथाइल गटांची, म्हणजे छोट्या रासायनिक खुणांची, ही मांडणी कर्करोगात असंख्य ठिकाणी एकदमच बिघडते. शिवाय तुकडा कोणत्या अवयवाचा, याचाही अंदाज त्यावरून येतो. अशा 1,000 जागा पाहिल्या, तर कागदावर तरी 0.6 चे 600 होतात. प्रत्यक्षात डीएनए वेगळा काढताना बरेच तुकडे वाया जातात.

घोटाळे मात्र यंत्राच्या आधीच सुरू होतात. साध्या ईडीटीए ट्यूबमधले (ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन) रक्त काही तासांत सेंट्रीफ्यूज करावे, म्हणजे गरागरा फिरवून त्याचे घटक वेगळे करावे लागतात, तेही दोनदा: आधी हळू, मग प्लाझ्मा वेगळा काढून जोरात. उशीर झाला की पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांचा डीएनए प्लाझ्मात मिसळतो. मोकळे तुकडे बहुधा 166 अक्षरांच्या आसपासचे असतात, पेशींतून सांडलेला डीएनए बराच लांब. त्यामुळे ही भेसळ लांबी मोजून कळते, पण गाठीचा वाटा आणखी पातळ व्हायचा तो होतोच. दुसरी फसगत वयाची: उतारवयात रक्तपेशींतच उत्परिवर्तने साठतात आणि ती गाठीची वाटू शकतात. म्हणून त्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा डीएनएही वाचून ती वजा करतात.

अनेक कर्करोग एकत्र शोधणाऱ्या गॅलेरी चाचणीने 2021 च्या अभ्यासात पहिल्या टप्प्यातले, सगळे प्रकार मिळून, 16.8 टक्के रुग्ण पकडले. स्तनाच्या गाठी, त्यातही संप्रेरक-संवेदनशील (संप्रेरकांच्या जोरावर वाढणाऱ्या), रक्तात डीएनए फार कमी सोडतात. त्यामुळे इथे ‘निगेटिव्ह’ अहवालाला मॅमोग्राफीची जागा देता येत नाही. स्तनात गाठ हाताला जाणवली असेल तर खात्री सोनोग्राफी आणि बायोप्सीनेच.

शस्त्रक्रियेनंतर चित्र पालटते. काढलेल्या गाठीतलीच उत्परिवर्तने आधी वाचून ठेवलेली असतात, त्यामुळे रक्तात नेमके काय शोधायचे ते ठाऊक असते. आजार परततोय का, हे काही रुग्णांत स्कॅनवर दिसण्याच्या कित्येक महिने आधी कळते. तेवढ्यावर उपचार बदलल्याने आयुष्य वाढते का, याच्या चाचण्या सुरू आहेत.