तीस मेगाहर्ट्झच्या पलीकडे

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा लावताना जोडाच्या दोन तारा एकामागून एक छेडतात. एक तार किंचित उतरलेली असली की आवाज हेलकावे खातो. सेकंदाला कंपनं किती, हे कोणी मोजत नाही. फरक तेवढा ऐकतात. फेज नॉइज मोजणारी यंत्रंही साठेक वर्षं हेच करत आली आहेत.

फेज नॉइज म्हणजे ऑसिलेटरच्या, ठरावीक फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणाऱ्या सर्किटच्या, ठेक्यातली बारीक थरथर. तिची खरी झळ रडारवाल्यांना बसली. सावकाश सरकणाऱ्या वस्तूचा क्षीण प्रतिध्वनी जमिनीवरून परतणाऱ्या दणदणीत प्रतिध्वनीला चिकटून येतो, आणि ही थरथर त्याला गिळून टाकते. १९६४ साली विद्युत अभियंत्यांची संस्था आयईईई आणि नासाने निव्वळ फ्रिक्वेन्सीच्या अल्पकालीन स्थैर्यावर परिषद भरवली. १९६६ मध्ये अभियंता लीसन यांचं ऑसिलेटर-नॉइजचं सूत्र छापून आलं.

रीत सोपी होती. एकाच फ्रिक्वेन्सीचे दोन ऑसिलेटर ९० अंशांवर धरून मिक्सरला, म्हणजे दोन सिग्नलांतला फरक काढणाऱ्या सर्किटला, द्यायचे. उरेल ती थरथर. १० गिगाहर्ट्झचा मिक्सर मिळाला की तिथेही हे चालतं. अडतं ते संदर्भापाशी, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या ऑसिलेटरपाशी. १० मेगाहर्ट्झचा उत्तम क्वार्ट्झ ऑसिलेटर हजारपट गुणून वर नेला, तर त्याचा नॉइज ६० डेसिबलनी चढतो. म्हणून दोन स्वतंत्र वाहिन्या, दोन स्वतंत्र संदर्भ आणि क्रॉस-कोरिलेशन आलं: दोन्हीकडे सामाईक तेवढं टिकतं, बाकीचं सरासरीत विरतं. मात्र दहापट सरासऱ्या घेतल्या तर पदरात पडतात ५ डेसिबल.

पुढे सिग्नल थेट डिजिटल करणारी यंत्रं आली. सिमेट्रिकॉमचा ५१२०ए आणि टाइमपॉड ३० मेगाहर्ट्झला थांबतात. एजिलंटचा ई५०५२बी ७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, फ्रिक्वेन्सी खाली आणणारा डाउनकन्व्हर्टर लावून २६.५ पर्यंत, पण सांगलीत घरच्या टेबलावर तो कुठून येणार!

मग हौशी माणूस ३० मेगाहर्ट्झच्या छोट्या यंत्रापुढे मिक्सर लावतो आणि सिग्नल खाली आणतो. फ्रिक्वेन्सी भागणारा डिव्हायडरही चालतो, पण हजारने भागलं की सिग्नलचा नॉइज ६० डेसिबल खाली जाऊन डिव्हायडरच्याच नॉइजखाली दडतो. मिक्सर लावताना मी एकच सिंथेसायझर (हवी ती फ्रिक्वेन्सी तयार करणारं यंत्र) दोन्ही वाहिन्यांना दिला होता. तीन तास सरासरी चालली, पडद्यावरची नॉइजची रेघ हलेना. हलणार कशी? सिंथेसायझरचा नॉइज दोन्हीकडे सामाईक, कोरिलेशनने तो सिग्नलचाच मानला. दुसरा सिंथेसायझर आणला, तर दोघेही एकाच १० मेगाहर्ट्झच्या संदर्भाला बांधलेले. कॅरियरलगतचा, म्हणजे सिग्नलच्या मूळ फ्रिक्वेन्सीजवळचा, नॉइज तसाच राहिला. संदर्भ वेगळे केल्यावर रेघ उतरू लागली.