साहेब म्हणेल ते? कायदा तसं म्हणत नाही

महूची लष्करी छावणी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे इंदूरच्या मराठी घरांत फौजेबद्दल मतं भरपूर. त्यातलं सगळ्यात चिवट: फौजेत डोकं बाजूला ठेवायचं, साहेब म्हणेल ते करायचं. राजवाड्यापाशी पोहे खाताखाताही हे ठासून सांगणारे भेटतात.

१९५० च्या लष्कर कायद्याचं कलम ४१ हुकूम धुडकावणाऱ्याला १४ वर्षांपर्यंत कैद सांगतं खरं, पण तो हुकूम कायदेशीर असला तरच. जुन्या दंडसंहितेच्या कलम ७६ मधलं उदाहरण बघा: वरिष्ठाच्या आज्ञेवरून जमावावर गोळी झाडणारा शिपाई निर्दोष, मात्र ती आज्ञा कायद्याला धरून हवी. शरण आलेल्याला मारण्याचा हुकूम यात बसतच नाही. शरण आलेल्यांना मारायला मनाई करणारे जिनिव्हा करार भारताने १९५० मध्येच स्वीकारले आहेत.

म्हणून ऊठसूट हुज्जत घालायची असं नव्हे. पहाटेचा पहारा नकोसा वाटला, एवढ्याने तो बेकायदा ठरत नाही!

डेहराडूनच्या लष्करी अकादमीत तेव्हाचे सरसेनापती चेटवुड यांनी १९३२ मध्ये सांगितलेला क्रम आजही शिकवतात: आधी देशाची सुरक्षा, मान आणि हित; मग हाताखालच्या जवानांचं; स्वतःची सोय सगळ्यात शेवटी. तो अधिकाऱ्यांसाठी, म्हणजे हुकूम देणाऱ्यांसाठी आहे.